पेटी कोणत्या प्लॉटची?

गेल्या मार्चमधली गोष्ट. नाना द्राक्षाची पेटी घेऊन घरी आले. नाना म्हणजे आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासूनचं, आणि हंगाम संपत आला की एक पेटी घरपोच हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. मी दारातच पेटी हातात घेतली आणि या बसा म्हणायच्या आधी तोंडातून निघून गेलं, "नाना, कोणत्या प्लॉटची?"

नाना हसले. "एक्स्पोर्टच्याच प्लॉटची आहे हो भाऊ. पोरं खाणारेत ना."

चहा पिऊन ते गेले आणि मग मला कसंतरीच व्हायला लागलं. कारण हा प्रश्न मी दुकानात काउंटरवर कधीच विचारत नाही.

माहिती नसणाऱ्यांसाठी सांगतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे, पिंपळगाव बसवंतच्या पुढे, राहायला नाशकात. आमच्याकडच्या बऱ्याच बागायतदारांचा माल दोन प्रकारचा असतो. एक्स्पोर्टचा प्लॉट ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवलेला, तिथे फवारणीची नोंद ठेवायची, काढणीआधी सॅम्पल लॅबला जाणार, रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश, जास्त निघाला तर माल युरोपला जाणार नाही. आणि बांधाच्या पलीकडे लोकलचा प्लॉट. औषधाच्या लेबलवर वेटिंग पिरियड छापलेला असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस जायला हवेत ते. एक्स्पोर्टला माणूस बोटावर दिवस मोजतो. लोकलच्या घडांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली आणि व्यापारी चार दिवसांनी येणार असला की तोच माणूस माझ्याकडे येतो आणि म्हणतो भाऊ काहीतरी स्ट्राँग द्या. मी देतो. काढणी कधी आहे हे विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर कळेल, आणि एकदा कळलं की मग बाटली देताना हात अडखळेल.

स्वार्थाबद्दल बोलताना आपण उगाच खोटं बोलणं, फसवणं, मापात पाप असलं काहीतरी डोळ्यासमोर आणतो. मी आजवर एकही डुप्लिकेट औषध विकलेलं नाही, बिलाशिवाय माल देत नाही, आणि या गोष्टींचा मला भारी अभिमान होता बरंका. पण माझा स्वार्थ तिथे नाहीच. तो उधारीत आहे. छाटणीपासून औषध-खतं माझ्याकडून उधार जातात आणि पैसे येतात माल विकल्यावर. एकेका बागेवर लाख-दीड लाख अडकलेले. घड खराब झाले, व्यापाऱ्याने नाकारले, तर माझे पैसे गेले. म्हणजे तो माल कसाही करून गाडीत चढावा ही त्या शेतकऱ्याइतकीच माझीही गरज. अशा माणसाने शेतकऱ्याला "थांबा, आता फवारू नका" असा सल्ला द्यायचा! डॉक्टरनेच पेशंटला कर्ज दिल्यासारखं आहे हे.

२०१० साल द्राक्षवाले विसरणार नाहीत. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबवायला, काडीत घड चांगले सुटावेत म्हणून लिहोसिन नावाचं औषध मारायची सगळीकडे पद्धत होती, त्यातलं रसायन म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, सगळे त्याला सीसीसी म्हणतात. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं, तिकडच्या लॅबमधे सापडलं आणि कंटेनर तिकडेच अडकले, दर पडले, निर्यातदारांनी हात वर केले, शेवटी फटका बागायतदारालाच बसला. वडील तेव्हा दुकानात होते, त्यांनीही ते विकलेलं. त्यात कुणी लबाडी केली नव्हती. फक्त बरी फळं येतायत, पैसे येतायत, मग कशाला कोण विचारतंय.

आणि गंमत बघा, सुधारणा झाली ती पण स्वार्थानेच झाली. खिशाला चटका बसल्यावर सगळे रेसिड्यूची भाषा बोलायला लागले, फवारणीच्या नोंदी आल्या, पीपीएम (दहा लाखात किती भाग) हा शब्द आजोबांच्याही तोंडी आला. कीर्तन-प्रवचनातून जे शंभर वर्षांत झालं नसतं ते अडकलेल्या कंटेनरने केलं. फक्त ते झालं जर्मनी आणि नेदरलँडमधे खाणाऱ्यांसाठी. आपल्या रविवार कारंज्यावर हातगाडीवर जी द्राक्षं मिळतात ती खाणाऱ्याकडे कंटेनर परत पाठवायची सोय नाही.

बीकॉमला सरांनी ॲडम स्मिथ हा अर्थशास्त्रज्ञ शिकवलेला, १७७६ च्या पुस्तकातला, खाटीक आणि पाववाला आपल्याला जेवण देतात ते दयेपोटी नाही, स्वतःच्या फायद्यासाठी. धंदेवाल्या घरातल्या पोरांना हे फार आवडतं, आपण नफा कमावतो म्हणजे समाजसेवाच करतो असं वाटतं. त्याच माणसाने १७ वर्षं आधी, १७५९ मधे, माणूस स्वतःलाच कसा फसवतो आणि अर्धे घोळ त्यातूनच कसे होतात हेही लिहून ठेवलंय, ते मात्र परीक्षेला नव्हतं.

हे सगळं फक्त धंद्यात होतं असं म्हणून सुटता आलं असतं, पण गेल्याच वर्षी आम्ही इंदिरानगरचा जुना फ्लॅट विकला. वरचा मजला, जोराचा पाऊस झाला की बेडरूमच्या कोपऱ्यात ओल यायची. एप्रिलमधे रंग दिला, घर बघायला लोक आले, भिंती कोरड्या ठणठणीत. घेणाऱ्याने विचारलं पाण्याचा काही प्रॉब्लेम? मी म्हणालो पाणी चोवीस तास असतं. त्याला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं आणि मी उत्तर नळाच्या पाण्याचं दिलं. खोटं एक अक्षर बोललो नाही!

जुलैत त्याचा फोन आला. आवाज चढवला नाही त्याने, कोपऱ्याचा फोटो पाठवला फक्त. मी दोन दिवस बायकोला सांगितलं नाही, मग सांगितलं, मग वॉटरप्रूफिंगचे निम्मे पैसे द्यायचं ठरवून ते दिले पण. मनात म्हणलं चला, आपण काही अगदीच हे नाही.

बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, त्याच्या सासऱ्यांच्या बारा एकर बागेचं खातं तुमच्याच दुकानात आहे ना?"

आहे. पैसे देताना ते डोक्यात नव्हतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, लासलगावचे लिलाव बंद पडले, पुढे डिसेंबरात निर्यातबंदीच आली, तेव्हा मी पुण्याच्या मेव्हण्याशी फोनवर कडकडून भांडलो होतो, शेतकऱ्यावर अन्याय वगैरे. अन्याय होताच, माझं मत आजही तेच आहे. पण मामांचा कांदा साठवणीच्या चाळीत होता आणि माझी उधारी त्या कांद्यात होती. मेव्हण्याला कांदा स्वस्त हवा होता कारण त्याची मेस आहे. दोघं तासभर न्यायावर बोललो आणि दोघांनीही चाळ किंवा मेस हा शब्द काढला नाही.

असो. तर यंदा मी ठरवलं की काउंटरवर विचारायचं. डिसेंबरपासून विचारतोय. पहिल्याच आठवड्यात तीन जण समोरच्या दुकानात गेले, तिथे विचारत नाहीत. पोरगा (कामाला आहे तो) म्हणाला शेठ, आपण विचारायचं बंद करा नाहीतर मला सुट्टी द्या.

परवा नाना आले. लोकलच्या प्लॉटला भुरी. मी विचारलं काढणी कधी. म्हणाले सहा-सात दिवसात. मी म्हणालो मग हे बसत नाही, आणि रॅकवरून दुसरी बाटली काढून ठेवली, हिला दिवस कमी लागतात. नानांनी बाटली उलटीपालटी केली, भाव विचारला, कंपनीचं नाव वाचलं.

"भाऊ, तुम्ही मला काढणी कधी ते विचारता, चांगलं आहे. मी तुम्हाला कधी विचारलं का, या कंपनीची टूर यंदा कुठं चाललीय म्हणून?"

पोरगा खोकला. मी बिल बनवायला घेतलं.

बँकॉकला चाललीय. त्यासाठीच्या विक्रीच्या टार्गेटला अजून पावणेदोन लाख कमी आहेत.