साखळीतला डावा कोपरा

स्मरणिकेत बाकीचे बोर्डाच्या निकालांवर लिहितीलच. मी आमच्या कबड्डीतल्या साखळीवर, म्हणजे हात धरून उभ्या राहणाऱ्या जोडीवर लिहितो.

नववीत माझं आणि डाव्या कोपऱ्यावरच्या गड्याचं बोलणं बंद होतं. कारण आता आठवत नाही, बहुधा बोरांवरून. सरांना ते ठाऊक असूनही त्यांनी आम्हा दोघांचीच साखळी लावली. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचा हात संध्याकाळभर धरायचा! मी सारखा हात सोडतो म्हणून आठवडाभर आमची मनगटं रुमालानं बांधली होती. फाटकाजवळची शेंगावाली मावशीसुद्धा हसायची.

सातांत दोन्हीकडे दोघादोघांची साखळी, मधे तिघं. एकावर दोघं म्हटल्यावर पकड सोपी वाटते. पण चढाईवाल्यानं सुटून मधल्या रेषेला हात लावला, तर त्याला धरणारे दोघंही बाद. एकट्यानं धरलं असतं तर एकच गेला असता. म्हणून कामं वाटलेली: कोपऱ्यानं घोटा धरायचा, मी पुढून त्याची परतीची वाट अडवायची. मी आधी निघालो तर तो माझ्याकडून वळून निसटणार. उशीर केला तर लंगडत, कोपऱ्याला फरफटत रेष गाठणार. "त्याला कुणाला तरी शिवायचंय, नाहीतर निदान रेषा, तुमच्या अंगणातली ती आडवी रेष, ओलांडायचीय. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही," सर फक्कीच्या रेषेवर बोट ठेवून सांगायचे. पावसाळ्यात त्या काळ्या मातीनं पाय शेरभर जड व्हायचे, तरी सराव चुकला नाही.

इशारा अंगठ्याचा. कोपऱ्यावरच्यानं माझा तळहात दाबला की निघायचं. बोलायची गरजच नव्हती, दोघांच्याही सोयीचं!

आता मॅटवरची प्रो कबड्डी पाहताना सगळे चढाईवाल्याकडे बघतात, माझी नजर त्या धरलेल्या हातांवर असते.

१९८८ ला परभणीत जिल्ह्याचा अंतिम सामना. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं पुढं. चढाईवाला डावीकडे आला, त्याचा पाय अगदी समोर दिसला आणि मी झेपावलो. तो गर्रकन वळला. आम्हा दोघांना ओढत त्यानं रेषेवर बोटं टेकवली. दोन गुण. एका गुणानं हरलो.

येताना एसटीत डाव्या कोपऱ्यावरचा गडी माझ्याच शेजारी बसला. जिंतूर नाका मागं पडला तरी कुणी बोलेना. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "मी अंगठा दाबलाच नव्हता रे."

पाच महिन्यांतलं त्याचं ते पहिलं वाक्य.