पिल्ली उंदी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी गोदाम सांभाळतो. मूळचा मंगळवेढ्याचा, तेव्हा नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. पूर्व भागातले आमचे बरेच कामगार आपसात तेलुगू बोलतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मे महिना, पत्र्याखाली नुसती भट्टी. कोपऱ्यातल्या वेस्ट सुताच्या ढिगापाशी पॅकिंगचे मामा ओरडले, "लोपल पिल्ली उंदी!" मी ऐकलं, उंदराची पिल्लं. आदल्याच आठवड्यात उंदरांनी एक गठ्ठा कुरतडला होता आणि शेठची बोलणी मी खाल्ली होती. रागारागात कोपरापर्यंत हात आत घातला.

तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. उंदी म्हणजे आहे.

व्यालेली भाटी होती. फिस्स झालं आणि अंगठ्याच्या बुडाशी दात रुतले. वरून दोन बारीक भोकं, पण मांजराचे दात सुईसारखे, आत खोल जातात. एकजण तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊनच धावत आला. मामांनी त्याला हुसकावलं आणि मला साबण देऊन पंधरा मिनिटं नळाखाली बसवलं. टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं.

दवाखान्यात जखमेभोवती सीरम टोचलं (चावण्यापेक्षा तेच जास्त दुखलं), दंडात रेबीजची लस दिली, पुढच्या तारखा लिहून दिल्या. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांजर दहा दिवस नजरेसमोर राहू द्या. मेलं किंवा दिसेनासं झालं तर लगेच कळवा."

इकडे शेठनी पोतं मागवलेलं. सगळी वरात होटगीच्या पुढं सोडायची. मी पट्टीचा हात पुढं केला. "शेठ, ती गेली तर नजर कुणावर ठेवू?" मामांनीही तोंड घातलं: मागं एक बोका असाच सोडून आलो, महिन्यात त्याच्या जागी दोन आले. शेवटी पिल्लांचं दूध तुटलं की तिची नसबंदी करायची, एवढ्यावर तह झाला.

मग रोज सकाळी कामगारांच्या आधी मांजराची हजेरी. रजिस्टरच्या मागच्या पानावर टिक. नवव्या दिवशी ढीग रिकामा. माझ्या पोटात गोळाच आला. तेवढ्यात मामांनी वर बोट दाखवलं. रॅकवर, निर्यातीच्या पांढऱ्या टॉवेलांच्या उघड्या गठ्ठ्यावर चार पिल्लं, आणि त्यांना चाटत बसलेली ती.

"पिल्ली उंदी," मामा हळूच म्हणाले.

या वेळी कळलं. पण शेठना कोण सांगणार?