सहा आठवड्यांचा हिशेब

अध्यादेश म्हणजे विधानमंडळाचं अधिवेशन सुरू नसताना राज्यपालांनी काढलेला तात्पुरता कायदा. त्याच्या केसमध्ये कायद्याच्या मुद्द्याआधी तारखा लावाव्या लागतात. संविधानाच्या अनुच्छेद 213 प्रमाणे विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश संपतो. विधानसभा आणि विधान परिषद वेगवेगळ्या दिवशी भरल्या, तर हे आठवडे नंतरच्या तारखेपासून धरायचे. बरेच वकील इथेच चुकतात.

आमचे अशील एका बाजार समितीचे निवडून आलेले सभापती. अध्यादेश निघाला, संचालक मंडळ गेलं, प्रशासक आला. पुढचं अधिवेशन भरलं, पण अध्यादेशाच्या जागी कायदा करणारं विधेयक आलंच नाही. अधिवेशन उठल्यावर त्याच मजकुराचा दुसरा अध्यादेश राजपत्रात छापून आला.

मी दोन्ही सभागृहांचे कागद काढले. त्या दिवशी काय करायचं ठरलं होतं, एवढंच कामकाजाच्या क्रमावरून कळतं. प्रत्यक्षात काय झालं हे वृत्तांतात असतं, आणि तो ओळ न् ओळ वाचण्याचा कंटाळा आमच्या व्यवसायात फार आहे. पहिला अध्यादेश दोन्हीकडच्या क्रमात होता. पटलावर ठेवल्याची नोंद मात्र एकाच सभागृहाच्या वृत्तांतात सापडली. 2017 साली कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं आहे की अध्यादेश विधानमंडळापुढे ठेवणं बंधनकारक आहे आणि तो पुनःपुन्हा काढणं हा संविधानाशी कपट आहे.

या वाटेवर आधी चालले ते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ डॉ. डी. सी. वाधवा. बिहारमधल्या जमिनींचा अभ्यास करताना 1967 ते 1981 या काळातले 256 अध्यादेश त्यांना आढळले. काही तर वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेले. वकील नसलेल्या माणसाने ते मोजले आणि 1986 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाकडून या प्रथेविरुद्ध निकाल मिळवला, याचा मला आजही अतिशय आदर वाटतो.

मुळात अध्यादेश काढण्याचा हा अधिकार 1861 च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टमधून आला. आपल्या राजाला फर्मानाने कायदा करू न देणाऱ्या ब्रिटिश पार्लमेंटने तो इथे गव्हर्नर जनरलला दिला, सहा महिन्यांपुरता. संविधान सभेत के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू यांनी आक्षेप घेतले, तरी तो राहिला. म्हणूनच सहा आठवड्यांची अट मला तांत्रिक वाटत नाही. आमदारांच्या हातातला तो महत्त्वाचा लगाम आहे.

सुनावणीत खंडपीठाने सरकारी वकिलांना थेट विचारलं, ‘दुसऱ्या सभागृहात कधी ठेवला?’ त्यांनी फाइल चाळली आणि मुदत मागितली. पुढच्या तारखेला सांगितलं, दुसरा अध्यादेश संपला आहे, तिसरा काढायचा नाही. प्रशासकाच्या निर्णयांबाबतचे मुद्दे खुले ठेवून याचिका निष्फळ म्हणून निकाली निघाली.

बाहेर आल्यावर सभापतींनी विचारलं, ‘वकीलसाहेब, म्हणजे आम्हाला काढलं ते बरोबर की चूक?’ निकालपत्रात त्याचं उत्तर नव्हतं. न्यायालयाकडे कागद होता, प्रश्न विचारून झाला होता, तरी त्याने उत्तर टाळलं. सरकारने अध्यादेश संपू द्यायचा आणि न्यायालयाने फाइल बंद करायची, असंच चाललं तर 2017 चा निकाल ग्रंथालयातच राहील.

प्रशासकाने दिलेले गाळे अजून त्याच लोकांकडे आहेत. अध्यादेश संपल्यावर त्याखालचे हक्क आपोआप टिकत नाहीत, हेही त्याच निकालात आहे. त्या आधारावर गाळेवाटपाविरुद्ध नवी याचिका तयार करतो आहे. ज्यांनी पैसे भरून गाळे घेतले, त्यांनाही प्रतिवादी करावं लागेल.