सुईचं टोपण: आमच्या दवाखान्याची वाटचाल

२००८ साली कराडला एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही दातांचा दवाखाना सुरू केला. एक चेअर, जुना कॉम्प्रेसर आणि मदतीला नुकतीच बारावी झालेली एक मुलगी. आज तीन चेअर आहेत, सहा माणसं कामाला आहेत, आणि ती मुलगी आता सगळ्यांची ताई आहे. चेअर कशा वाढल्या यात सांगण्यासारखं फारसं नाही. बँकेचं कर्ज काढलं, हप्ते फेडले, पेशंटनी पेशंट पाठवले. ट्रे मांडणारे, कचरा उचलणारे, केसपेपर काढणारे हात कोणत्या जबाबदारीला बांधलेले असतात आणि त्या हातांचं मी काय देणं लागते, हे मात्र मी फार उशिरा शिकले.

२०१२च्या पावसाळ्यातली गोष्ट. एक दाढ काढून झाली होती. ताई भुलीच्या सुईला टोपण घालत होती आणि सुई तिच्या अंगठ्यात शिरली. "धुऊन घे, स्पिरिट लाव," एवढं म्हणून मी पुढचा पेशंट घेतला. ज्याची दाढ काढली तो निघून गेला. त्याला रक्ततपासणीची विनंती करावी, ताईला लगेच सरकारी दवाखान्यात पाठवावं, यातलं काहीच मी केलं नाही. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं शक्यतो पहिल्या दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करायची असतात आणि २८ दिवस घ्यायची असतात, हे मला माहीत होतं. तरीही.

चौथ्या दिवशी तिचा नवरा आला. आवाज न चढवता त्याने विचारलं, "मॅडम, त्या काविळीची लस तुम्ही घेतलीय ना? हिला दिली होती का?"

त्या काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या लसीचे माझे तिन्ही डोस कॉलेजात असतानाच झाले होते. तिचा एकही नव्हता.

पुढचे सहा महिने तिच्या तपासण्या चालल्या. सगळ्या चांगल्या आल्या. त्या काळात तिची धाकटी मुलगी अंगावर पीत होती, आणि तिला दूध पाजावं की नाही हे ताई मला रोज विचारायची. ती कामावर टिकली हा तिचा मोठेपणा. तिचा नवरा आला त्याच आठवड्यात मी सगळ्यांना लस द्यायला सुरुवात केली आणि दोन हातांनी टोपण घालणं बंद केलं. टोपण ट्रेवर ठेवायचं, एकाच हाताने सुई त्यात सरकवायची, नाहीतर सरळ सुई कापायच्या यंत्राकडे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं मालकावर बंधनकारकच केलं.

कचऱ्याचे रंग सफाईच्या मावशींना आमच्यापेक्षा चांगले पाठ आहेत. रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. चांदी भरलेली दाढ मात्र पिवळ्यात टाकायची नाही. त्या चांदीत पारा असतो आणि पिवळी पिशवी भट्टीत जाते. ४८ तासांपेक्षा जास्त कचरा साठवायचा नाही, त्यामुळे कचऱ्याची गाडी आली नाही की मावशी फोन करून करून गाडीवाल्यांना हैराण करतात.

एकदा गर्दीत ताई म्हणाली, "मॅडम, दात साफ करायचं मी करू का? बघून बघून मला येतं." तिला खरंच आलं असतं. पण आमच्या धंद्याला तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कायद्यात, डॉक्टर सोडून दात साफ करणारी व्यक्ती म्हणजे त्याचं शिक्षण घेऊन नोंदणी झालेली हायजिनिस्ट. बघून शिकलेली असिस्टंट त्यात बसत नव्हती. पेशंट आडवा पडून डोळे मिटतो तेव्हा तोंडात कुणाचा हात आहे हे त्याला दिसत नसतं. तो विश्वास मोडायचा नाही, म्हणून मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, मलाही.

२०१९ मध्ये एका पेशंटने फॉर्मवर एचआयव्ही असल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं. कुणीतरी केसपेपरवर लाल गोल काढला. तो गोल लॅबच्या मुलाने पाहिला, आणि बोलणं त्या माणसाच्या गल्लीपर्यंत पोचलं. तो परत आला तो उपचाराला नाही. म्हणाला, "मी खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं." मी माफी मागितली. तो पुन्हा कधी आला नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

त्या संध्याकाळी शटर ओढून आम्ही बसलो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "पण मग आम्हाला कळायला नको?" प्रश्न रास्त होता. ज्याला आपला आजार माहीतच नाही तो लिहिणार कसा? म्हणून प्रत्येक पेशंटला सारखीच काळजी: हातमोजे नवे, प्रत्येक हँडपीस (दात कोरायचं हत्यार) ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, खूण कुणालाच नाही. एचआयव्हीबद्दलचा २०१७चा कायदा मी त्यांना वाचून दाखवला. पेशंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ देऊ नये, हे त्यात आहे. कर्मचाऱ्याला साधनं, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास औषधं मालकाने द्यावीत, हेही त्यातच आहे. ताईने ते पान माझ्याकडून मागून घेतलं आणि पुन्हा स्वतः वाचलं.

त्यानंतर बरंच बदललं. पेशंटच्या दातांचे फोटो लेखी परवानगीशिवाय कुणाच्या स्टेटसला जात नाहीत. संमतीपत्रावर सही भूल देण्याआधी, शांतपणे, मराठीत समजावून घेतो. तोंडात कापूस असताना "इथे सही करा" म्हणायचं नाही. आणि शंका आली तर असिस्टंटने डॉक्टरला थांबवायचं, पेशंटसमोरसुद्धा. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

गेल्या वर्षी मी एका आजींची दाढ काढायला बसले. भुलीचं इंजेक्शन घ्यायला हात पुढे केला. ताईने ते दिलं नाही.

"मॅडम, केसपेपरवर ४६ आहे. तुम्ही डाव्या बाजूला बसलाय."

४६ म्हणजे खालची उजवी दाढ. मी एक्स-रेची फिल्म पाहिली. उलटी लावली होती, मीच. आजींना सांगितलं की माझी बाजू चुकत होती आणि ताईंनी वेळेवर थांबवलं. मग स्टूल उजवीकडे घेतलं, आणि ताईने इंजेक्शन माझ्या हातात दिलं.