तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क लेथवर का देत नाही?

"ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं. डिस्क जरा लेथवर मारून द्या ना."

हे मी माझ्या गॅरेजात आठवड्यातून दोनदा ऐकतो, शनिवारी तर हमखास. लेथवर मारणं म्हणजे ब्रेकची डिस्क यंत्रावर फिरवून तिचा पृष्ठभाग तासून सपाट करणं. पुण्यामुंबईची मंडळी कुंभार्ली नाहीतर परशुराम घाट उतरून येतात. रुंद टायर, ताटाएवढ्या डिस्क, पावणेदोनशे-दोनशे हॉर्सपॉवर, आणि चिपळुणात पोचेस्तोवर हातातलं चाक नाचायला लागलेलं. मी म्हणतो, गाडी अर्धा दिवस ठेवा, आधी मोजतो. की चेहरा पडलाच. कुणीतरी पलीकडच्या गल्लीत तासाभरात करून देतो म्हणालेला असतो.

तर एकदाच सांगतो. अर्ध्या दिवसाचे पैसे काढायला मी हे करत नाही. (बरं, थोडे काढतो. रॅम्प अडकून राहतो माझा.)

'डिस्क वाकली' असं सगळे म्हणतात. मीही पंधरा वर्षं म्हणत होतो. बिडाची जाड डिस्क सहसा वाकत नाही. ती मुळात तिरकी बसलेली असते, कारण मागची हबची, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाची, बैठक साफ नसते. बैठक जेमतेम 14 सेंटिमीटरची, डिस्क साडेचौतीसची. बैठकीच्या कडेला 0.05 मिलिमीटरचा गंज राहिला तर डिस्कच्या कडेला तो 0.12 होतो. मग तुम्ही ब्रेक मारलेला नसतानाही दर फेऱ्याला तीच जागा पॅडला चाटून जाते. तिथे डिस्क झिजते, किंवा पॅडचा मसाला तिथे चिकटतो. चार-पाच हजार किलोमीटरांत एका जागी जाडी 20 मायक्रॉनने (म्हणजे 0.02 मिलिमीटरने) कमीजास्त होते, आणि तेवढी पुरते. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा वेळा फिरतं. म्हणजे तुम्ही पेडल दाबलंत की पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन तितक्याच वेळा मागेपुढे ढकलला जातो, आणि ते सगळं तुमच्या हातात येतं.

यातली खोच बघा. नवीन डिस्क टाकली की पहिले दोन-तीन महिने गाडी लोण्यासारखी थांबते, कारण जाडी अजून सगळीकडे सारखी असते. तिरकेपणा तसाच असतो. म्हणून मेकॅनिक शहाणा ठरतो, आणि थरथर परत आली की 'पार्ट डुप्लिकेट होता' म्हणायला सगळे मोकळे. लेथचंही तेच. डिस्क लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, सरळ होते. पण चक म्हणजे हब नव्हे.

हे मला कुणी शिकवलं, ते सांगायचं टाळत आलोय.

गुहागरकडचे एक गृहस्थ. जहाजावर चीफ इंजिनीअर होते, निवृत्त होऊन बंगला बांधला आणि तीन लिटरची जर्मन सेडान घेतली. बंगला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी, वर खारा वारा. त्यांनी थरथर सांगितली, मी डिस्क लेथवर दिली. सहा महिन्यांनी परत आले, परत दिली. दोन्ही वेळा चाक खोललं, हवेची गन लावून बोल्ट आवळले, टेस्ट राइडला एमआयडीसीपर्यंत जाऊन आलो, झकास. त्या डिस्कच्या काठावर बारीक अक्षरांत कोरलेलं होतं: किमान जाडी 28.4. मी ते वाचलं नव्हतं. खरं म्हणजे वाचलं असणार, पण तो आकडा माझ्याशी बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही.

मार्च महिना होता. ते आणि काकू पुण्याहून कराडमार्गे येत होते. कुंभार्ली उतरताना पुढे उसाचा ट्रक, त्यामुळे सारखा ब्रेक. घाटाच्या पायथ्याच्या पोफळीच्या वर कुठेतरी पेडल आधी मऊ झालं, मग खालपर्यंत गेलं. त्यांनी डोकं शाबूत ठेवलं, गिअर खाली ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीच्या बाजूला नाही. त्यांना काही झालं नाही. काकूंचं उजवं मनगट मोडलं.

आठवड्याने ट्रकवर टाकून गाडी माझ्याकडेच आणली. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ते आले ते फडक्यात गुंडाळलेला डायल गेज (तिरकेपणा काट्यावर दाखवणारा) आणि मायक्रोमीटर (जाडी मोजणारा) घेऊन. "स्टूल दे एक," म्हणाले. बसले. डिस्कच्या कडेपासून बोटभर आत आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावला आणि आकडे मला लिहायला लावले. सगळ्यात जास्त आकडा 28.1. मग म्हणाले, "आता काठावर काय कोरलंय ते वाच." मी वाचलं. "मोठ्याने वाच." पोरं बघत होती. मी मोठ्याने वाचलं.

मग डिस्क उतरवली आणि गेजची टोचणी हबच्या बैठकीवर टेकवली. एक घर म्हणजे 0.01 मिलिमीटर. हात लावून हब हळूहळू फिरवला तसा काटा शांत, शांत, आणि एका बोल्टाच्या भोकाशी टुणकन सहा घरं उडाला. तिथे रुपयाएवढी गंजाची खपली होती. माझ्या दोन लेथकामांच्या खाली ती आरामात बसून होती. त्यांनी ती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत.

आता इथे माझी बाजू. पेडल खाली गेलं ते पातळ डिस्कमुळेच, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पातळ डिस्क लवकर तापते, हे खरं. पण ब्रेक ऑइलही जुनं होतं. ते हवेतला दमटपणा पितं. ताजं 'डॉट 4' ग्रेडचं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं 155 च्या आसपासही उकळू शकतं, उकळलं की वाफ होऊन पेडल खाली जातं, आणि आपल्या कोकणात दमट हवेला काय तोटा! दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. मी त्यांना सुचवलं होतं, ते 'पुढच्या सर्व्हिसला बघू' म्हणाले होते. गेली कितीतरी वर्षं मी असंच सांगत आलोय. आज लिहायला बसल्यावर मात्र मला खात्रीने आठवत नाही, सुचवलं होतं की नंतर स्वतःची समजूत घालायला ते वाक्य मी तयार केलं.

तेव्हाचा मी आजच्या मला विचारतो: अरे, शेकडो डिस्क लेथवर मारल्या, किती गाड्या गटारात गेल्या? एक. तीही ऑइलमुळे असेल. एका मनगटापायी तू सगळ्या गावाला अर्धा दिवस ताटकळत ठेवतोस? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. जाडी शिल्लक असेल, हब साफ असेल तर लेथने काही बिघडत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मोजल्याशिवाय ते कळणार कसं? आणि मोजायला बसलो की तुम्ही घड्याळ बघता.

म्हणून माझ्याकडे आता असं चालतं. चाक काढलं की आधी हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत. डिस्क सगळे नट लावून घट्ट बसवायची, मगच गेज. काटा पाच घरांच्या वर गेला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून परत लावायची, कधी कधी एवढ्यानेच काम होतं. गन फक्त नट सोडवायला. आवळायचे ते किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. एक तर सोडून गेला.

बाकी तुमचीही एक सवय आहे, ती सांगतो. घाट रगडून उतरता, पोफळीला चहाला थांबता आणि ऑटोमॅटिक गाडी 'डी'त ठेवून पेडल दाबूनच बसता. तापलेला पॅड एकाच जागी चिकटून राहतो, त्याचा ठसा उमटतो. नंतर ती जागा बाकीच्यांपेक्षा जास्त तापते आणि फारच तापली तर बिडात कडक डाग धरतो, तो लेथच्या टूललाही दाद देत नाही. खाली आल्यावर दोन किलोमीटर ब्रेक न मारता हळू चालवा, डिस्क निवू द्या, मग प्या चहा. नवीन पॅड टाकले की शंभरवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, वेग उतरवा. हायवे रिकामा बघून, एवढं सांगायला नको.

2021 च्या 22 जुलैला गॅरेजात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा मी माळ्यावर काय काय चढवलं त्यात तो डायल गेज होता. चीफ साहेब तो त्या दिवशी स्टुलावरच ठेवून गेले होते. विसरले की मुद्दाम, मी कधी विचारलं नाही. ती सेडान त्यांनी विकली. आता छोटी गाडी आहे, सर्व्हिसला माझ्याकडेच येते. काकू गॅरेजात येत नाहीत, समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसतात. मी चहा पाठवतो, तो त्या डाव्या हाताने घेतात. मुळात डावखुऱ्या असतील, मला माहीत नाही.

आणि गेल्या महिन्यातली गंमत. अर्धा दिवस थांबायला नको म्हणून पलीकडच्या गल्लीत गेलेले एक जण हवा भरायला आले. तासाभरात लेथवर मारून घेतलेली डिस्क, 20 हजार किलोमीटर झाले, थरथर नाही. मी विचारलं, "हब साफ केला होता का त्यांनी?"

"मला काय माहीत," म्हणाले, "मी वडापाव खायला गेलो होतो."