उपग्रह वरून निघून जातो, जहाज तिथेच थांबतं

उपग्रहाला थांबता येत नाही. अंतराळात पोहोचलेल्या समाजाला समुद्रावर आरमार लागेल का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत आहे, आणि नेमकी तीच चर्चेत सुटते.

५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर धावतो. वेग कमी केला की तो खाली येतो, म्हणजे हवं तिथे घुटमळायची सोय नाही. पृथ्वीभोवतीची एक फेरी साधारण साडेचौऱ्याण्णव मिनिटांची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर डोक्यावरून जाणारा असा उपग्रह या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत अकरा-बारा मिनिटं असतो, आणि नीट छायाचित्र घेण्याइतका सरळ वर तर जेमतेम मिनिट-दीड मिनिट. तो परत येईपर्यंत पृथ्वी २४ अंशांच्या आसपास फिरलेली असते. त्यामुळे पुढच्या फेरीत, त्याच अक्षांशावर, तो येमेनच्या डोक्यावर असतो.

आता खाली समुद्रात २५ नॉटने जाणारी विनाशिका घ्या. तासाला ४६ किलोमीटर. उपग्रहाने तिला एकदा पाहिलं आणि पुन्हा बारा तासांनी त्या भागावर आला, तर मधल्या वेळात ती ५५५ किलोमीटरपर्यंत कुठल्याही दिशेला गेलेली असू शकते. शोधायचं वर्तुळ झालं साडेनऊ लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे तीन महाराष्ट्र. उपग्रहांचा ताफा वाढवून तोच कालावधी एका तासावर आणला तर वर्तुळ पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान होतं. हा फरक फार मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. मोठ्या युद्धनौकेचं खुल्या समुद्रात हरवून जाणं वर्षागणिक अवघड होत जाणार. माझ्या मते आरमाराचं स्वरूप अंतराळामुळे सर्वांत जास्त इथेच बदलेल. पण दिसणारी नौका म्हणजे निरुपयोगी नौका, असं होत नाही.

‘भूस्थिर कक्षेतून सतत बघत राहू’ असं कुणी म्हणेल. तिथला उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून खालून एकाच जागी दिसतो. पण ती कक्षा ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथून एक मीटरचा तपशील ओळखायचा तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे कडेला वाकून पसरण्यामुळे, साधारण २४ मीटर व्यासाचा आरसा लागतो. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे. लहान आरशातून एक लांबट ठिपका दिसेल, पण तो तेलवाहू जहाजाचा की युद्धनौकेचा हे कळणार नाही. आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर ढगांचं छत असतं. त्यातून आरपार बघायला रडार लागतं, आणि रडारचं गणित अंतराच्या बाबतीत फार निर्दय असतं. साध्या रडारमध्ये अंतर दुप्पट झालं की परत येणारा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर येतो.

सोव्हिएत संघाने हे गणित सोडवायचा फार महागडा प्रयत्न केला होता. अमेरिकी नौका शोधण्यासाठी त्यांनी रडार लावलेले उपग्रह अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर इतक्या खालच्या कक्षेत सोडले. एवढ्या खाली विरळ का होईना हवा असते. मोठे सौर पंखे लावले तर तिच्या घर्षणाने उपग्रह लवकर कोसळतो, म्हणून विजेसाठी आत छोटी अणुभट्टी बसवली. काम संपल्यावर भट्टी वेगळी करून उंच कक्षेत ढकलायची अशी योजना होती. कॉसमॉस-९५४ मध्ये ती फसली आणि २४ जानेवारी १९७८ रोजी किरणोत्सारी तुकडे कॅनडाच्या उत्तर भागात विखुरले. माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. इतकं करूनही त्या उपग्रहांचं काम फक्त ठिकाण सांगण्याचं होतं. क्षेपणास्त्रं समुद्रातल्या पाणबुड्या आणि क्रूझरच वाहून नेत होत्या.

पाण्याखाली तर अंतराळाचं काहीच चालत नाही. समुद्राचं पाणी खारं, म्हणजे विजेचं वाहक. एक गिगाहर्ट्झची रेडिओलहर त्यात सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर जाईतो आपल्या उंचीच्या सदतीस टक्क्यांवर येते. उपग्रहाशी बोलायच्या बहुतेक सगळ्या लहरी याच पट्ट्यातल्या किंवा त्याहून वरच्या. त्यामुळे पाणबुडीला उपग्रहाशी बोलायचं तर अँटेना पाण्याबाहेर काढावा लागतो, आणि बाहेर काढलेला अँटेना म्हणजे शत्रूच्या रडारला आयतं निशाण. यावरचा उपाय आजही जमिनीवरच आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन केंद्र आहे. तिथून १८.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे साडेसोळा किलोमीटर लांबीच्या लहरींवर, संदेश जातो. ही लहर पाण्यात दर १.९ मीटरला सदतीस टक्क्यांवर येते. दहा मीटर खोलीवर तिची उंची पृष्ठभागावरच्या अर्ध्या टक्क्याएवढी उरते, तरी पाणबुडी ती ऐकू शकते. वेग मात्र अत्यंत कमी, थोडक्या अक्षरांचे आदेश जातात आणि पाणबुडीला त्याच वाटेने उत्तर देता येत नाही. हे काम उपग्रहावर हलवता येत नाही. इतक्या लांब लहरींसाठी टोलेजंग मनोरे लागतात, आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, त्या बहुतांश परतवून लावतं. जमिनीवरून त्या जगभर पोहोचतात त्या याच परतण्यामुळे.

पाण्यात दूरवर जाते ती एकच गोष्ट: आवाज. सेकंदाला सुमारे १,५०० मीटर. आणि तोही सरळ जात नाही. वरचा कोमट थर आणि खालचं थंड पाणी यांच्या सीमेवर आवाज वाकतो, त्यामुळे थराच्या खाली ‘सावली’ पडते आणि पाणबुडीचा कप्तान नेमका त्या सावलीत जाऊन बसतो. त्याला शोधायला सोनार, म्हणजे आवाजाच्या आधारे पाण्याखाली शोध घेणारं यंत्र, त्या थराखाली उतरवावं लागतं. जहाजामागून ओढायची सोनारची माळ असते, खोली बदलता येणारं सोनार असतं, विमानातून टाकलेले सोनार-बोये असतात. उथळ किनाऱ्यावर तळावरून येणाऱ्या प्रतिध्वनींचा गोंधळ, मासेमारी बोटींच्या इंजिनांचा गलका आणि गढूळपणा यांनी काम आणखी कठीण होतं. म्हणून तर त्यासाठी खास लहान नौका बांधल्या जातात. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं नाव मिळालेली आयएनएस अर्नाळा जून २०२५ मध्ये नौदलात आली, ती याच प्रकारची. लांबी ७७ मीटर, आणि पंख्यांऐवजी पाण्याचे झोत मागे फेकून चालणारी. निळा-हिरवा लेझर अंतराळातून सोडून पाणबुडी शोधण्याच्या कल्पना आहेत, पण असा प्रकाश स्वच्छ पाण्यातसुद्धा फार खोल जात नाही. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी तर विचारायलाच नको.

‘वरूनच मारू’ हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो. टंगस्टनचा सहा मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर जाड खांब कक्षेतून खाली टाकायचा, ही कल्पना अनेकदा मांडली जाते. वजन करून बघा: सव्वाआठ टन. भारताच्या एलव्हीएम-३ रॉकेटची पृथ्वीनजीकच्या कक्षेतली क्षमता आठ टनांच्या आसपास आहे, म्हणजे एका खांबाला एक अख्खं रॉकेट. समुद्रसपाटीला तो सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने आदळला तर ऊर्जा होते साधारण नऊ टन टीएनटीएवढी. तो ‘टाकता’ येत नाही हेही लक्षात घ्या. कक्षेतून उतरवायला उलट्या दिशेने इंजिन पेटवावं लागतं, आणि परवडेल एवढ्या इंधनात खाली यायला अर्धा तास धरा. तेवढ्यात ३० नॉटची नौका २८ किलोमीटर पुढे. शेवटच्या टप्प्यात खांबाभोवती तापलेल्या वायूचं आवरण तयार होतं, त्यामुळे त्याला नौका दिसत नाही आणि संदेशही पोहोचत नाही. शिवाय हवा तो खांब हव्या त्या वेळी हव्या त्या समुद्रावर असण्यासाठी असे डझनावारी खांब सतत फिरवत ठेवावे लागतील. शहर जागचं हलत नाही, म्हणून त्याच्यावर हे लागू पडेल. नौका हलते.

उलट दिशेने मात्र मारा झालेला आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या लेक एरी या क्रूझरने पॅसिफिकमधून एसएम-३ क्षेपणास्त्र सोडून सुमारे २४७ किलोमीटरवरचा स्वतःच्याच देशाचा निकामी उपग्रह फोडला. भारताने २७ मार्च २०१९ रोजी मिशन शक्तीत जमिनीवरून तेच केलं, ३०० किलोमीटरच्या आसपास. उपग्रह कधी कुठे असेल हे मिनिटामिनिटाला आधीच मांडता येतं. नौकेचं तसं मांडता येत नाही.

तरीही नौदलाला अंतराळ हवंच आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये गेलेला जीसॅट-७, ज्याला नौदल रुक्मिणी म्हणतं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला सुमारे ४,४०० किलोंचा जीसॅट-७आर हे दोन्ही दूरवरच्या नौका, विमानं आणि किनारा यांना जोडण्यासाठीच आहेत. डोळे, कान आणि निरोप वर गेले. हात खालीच राहिले. हे हात म्हणजे काय, याचं नेमकं उदाहरण एमव्ही रुएन.

माल्टाचा झेंडा असलेलं हे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं आणि पुढे त्याचाच तळ करून इतर जहाजांवर जायला सुरुवात केली. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ते गाठलं, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर. चाच्यांनी गोळीबार केला, पाहणीचं ड्रोन पाडलं. नौकेने मोजून मारा करून जहाजाचं सुकाणू आणि दिशादर्शक यंत्रणा निकामी केली. हवाई दलाच्या सी-१७ विमानाने दोन रबरी होड्या आणि नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले. सुमारे ४० तासांनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना कोलकातावरूनच मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केलं गेलं. या ४० तासांत उपग्रहाने २५ प्रदक्षिणा केल्या असत्या. तिथे चाळीस तास थांबणं, ओलिसांना इजा न होता जहाज थोपवणं, चढून झडती घेणं, माणसांना पकडून न्यायालयापर्यंत नेणं, यातलं एकही काम वरून होत नाही. कायदाही तेच सांगतो. १९८२ च्या सागरी कायदा कराराप्रमाणे चाच्यांचं जहाज जप्त करण्याचा अधिकार युद्धनौका, लष्करी विमान किंवा तशी स्पष्ट खूण असलेलं, सरकारी सेवेतलं अधिकृत जहाज-विमान यांनाच आहे.

माल समुद्रावरून जाणं बंद झालं तर प्रश्न वेगळा होईल, पण त्याची चिन्हं नाहीत. जगाच्या व्यापारातला वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल आजही जहाजांतून जातो. सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांची क्षमता दोन लाख टनांच्या पुढे आहे. एका उड्डाणात १०० टन नेणारं रॉकेट गृहीत धरलं तरी तेवढ्या एका खेपेसाठी २,००० उड्डाणं. पाणी वजन फुकट उचलतं आणि रॉकेटला प्रत्येक किलो स्वतः उचलावा लागतो. रॉकेट कितीही सुधारलं तरी हा भेद राहणारच.

आणि अंतराळात जाणाऱ्या देशाचं समुद्राशी काम कमी न होता वाढतं. भारताची माणसाला अंतराळात नेण्याची मोहीम, गगनयान, बघा. श्रीहरिकोट्याहून पूर्वेला निघालेलं रॉकेट पहिल्याच मिनिटापासून समुद्रावर असतं. दीडशे किलोमीटर उंचीवरचं रॉकेट जमिनीवरच्या केंद्राला साधारण १,३७० किलोमीटरपर्यंत दिसतं, त्यापुढे पृथ्वीचा बाक आड येतो. म्हणून मार्गावर जहाजांवरची संपर्क केंद्रं ठेवावी लागतात. चढताना बिघाड झाला तर अंतराळवीरांची कुपी कुठे पडेल हे बिघाडाच्या क्षणावर ठरतं, म्हणजे बंगालच्या उपसागरात लांबलचक पट्ट्यावर जहाजं आणि हेलिकॉप्टरं तयार हवीत. २१ ऑक्टोबर २०२३ च्या टीव्ही-डी१ या गगनयानच्या मानवरहित चाचणीत कुपी किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर पडली आणि पाण्यात उलटी तरंगत राहिली. नौदलाच्या डायव्हर्सनी ती बाहेर काढली. आत माणसं असताना उलटी कुपी म्हणजे पट्ट्यांना लटकलेली, उलट्यांनी हैराण झालेली माणसं. म्हणून कुपीला सरळ करणारे हवेचे फुगे हा भाग अजिबात दुय्यम नाही.

कुपीजवळ जाण्यातही धोका असतो. तिची दिशा सांभाळणाऱ्या छोट्या नियंत्रक रॉकेटांचं इंधन विषारी असतं. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत उतरताना नायट्रोजन टेट्रॉक्साइडची वाफ कुपीत शिरली आणि तिन्ही अमेरिकी अंतराळवीरांना होनोलुलूच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. म्हणून आधी वाऱ्याच्या बाजूने जाऊन गळती तपासायची, मग तरंगता पट्टा आवळायचा, मग दोर.

पुढचा टप्पा डिसेंबर २०२४ मध्ये विशाखापट्टणमजवळ नौदल आणि इस्रोने करून पाहिला. कुपीच्या वजनाचा आणि आकाराचा नमुना समुद्रात सोडला, त्याला बोया जोडला, ओढत आणून जहाजाच्या मागच्या बाजूच्या, पाणी भरलेल्या वेल डेकमध्ये घेतला, खाली बसवलेल्या चौकटीवर नेमका आणला आणि मग डेकमधलं पाणी काढून टाकलं. यात फायदा असा, की अंतराळवीरांना उसळत्या पाण्यात कुपीबाहेर यावं लागत नाही आणि क्रेनला लटकलेली कुपी जहाजाच्या बाजूवर आपटायचा धोका राहत नाही. अडचण येते ती लाटांमुळे. डेकमधलं पाणी मागेपुढे हिंदकळतं, त्यामुळे चौकटीवर बसायच्या शेवटच्या क्षणांत चारही बाजूंचे दोर एकदमच सांभाळावे लागतात. वेल डेक असलेली मोठी नौका भारतीय नौदलाकडे एकच आहे, आयएनएस जलाश्व, आणि ती अमेरिकी नौदलात ट्रेंटन या नावाने १९७१ साली दाखल झाली होती. तशा नव्या नौका घ्यायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. माणसाला अंतराळात पाठवण्याच्या वेळापत्रकात या नौकांचाही रकाना असायला हवा.