पोस्टल ऑर्डर मिळेल, वटणार नाही

परवा दुपारी पाऊस चुकवण्यासाठी इंग्लंडमधल्या हेन्ली गावातल्या एका चॅरिटी शॉपमध्ये शिरलो, तर तिथल्या फळीवर केलीच्या डिरेक्टरीचा, म्हणजे गावोगावची माणसे, धंदे आणि सोयी नोंदवणाऱ्या सूचीचा, एक जुना खंड पडलेला होता. बर्कशायर, बकिंगहॅमशायर आणि ऑक्सफर्डशायर या तीन काउंट्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांचा, हा जाडजूड ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. पाठपट्टी सुटलेली, नकाशा कोणीतरी कापून नेलेला. मला अशा वाचनाचे व्यसन आहे. कालनिर्णयची मागची बाजू, एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेले वेळापत्रक, लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी, हे सारे मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि ज्यात काहीच घडत नाही अशा मजकुरात माझे मन कादंबरीपेक्षा अधिक रमते. घरचे याला खोड म्हणतात.

ही डिरेक्टरी ज्याच्या नावाने चालली तो फ्रेडरिक केली लंडनच्या टपाल खात्यात पत्रे वाटणाऱ्यांवरचा निरीक्षक होता. 1830च्या दशकात लंडन शहराची डिरेक्टरी त्याच्या हाती आली, पुढच्या दशकात तिला काउंट्यांच्या खंडांची जोड मिळाली, आणि हा उद्योग थेट 1970च्या दशकापर्यंत चालला. कोणाचे घर कुठे आणि कोण काय करतो, हे टपालवाल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? सुरुवातीला त्याने आपल्या हाताखालच्या माणसांनाच माहिती गोळा करायला लावले आणि त्यावरून टीकाही ओढवून घेतली, परंतु कल्पना अस्सल होती यात शंका नाही.

एका खेडेगावच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वाट्याला अर्धे पान येते, फार तर एक. आरंभ चर्चपासून. इमारत चकमकीच्या दगडाची की चुनखडीची, मनोऱ्यात घंटा किती, जीर्णोद्धार कोणत्या वर्षी झाला आणि त्याला किती पौंड लागले, बसायला जागा किती, नोंदवह्या कोणत्या सालापासूनच्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी, असा हुकूम आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत 1538 साली निघाला होता. त्यामुळे ज्या पॅरिशच्या वह्या त्याच सालापासूनच्या आहेत, तिच्या मजकुरात तो आकडा जरा छाती काढून उभा असल्यासारखा वाटतो. मग धर्मगुरूचे वार्षिक उत्पन्न आणि ती नेमणूक कोणाच्या हातची आहे हे येते, मग मोठे जमीनदार, मग जमीन चिकणमातीची आणि खाली खडूचा दगड, मुख्य पिके गहू, जव आणि सलगम, क्षेत्रफळ इतके एकर, लोकसंख्या इतकी. शेवटी शाळा, पोस्ट आणि नावे.

ही नावे दोन गटांत छापलेली असतात. वर खासगी रहिवासी, म्हणजे ज्यांना पोटासाठी काही विकावे लागत नाही असे, आणि खाली धंदेवाले. वरच्या गटात वाचण्यासारखे फारसे काही नसते. खालच्या गटात मात्र चाके बनवणारा सुतार, खोगीर-लगाम करणारा, गवताने छपरे शाकारणारा, पवनचक्कीवर दळणारा, शिकारीच्या पाखरांचा राखणदार, असे सारे नांदत असतात, आणि त्यातही एका माणसाचा एक धंदा क्वचितच असतो. लोहार बिअरही विकतो. सुतार शवपेट्या करतो आणि दफनविधीची व्यवस्थाही पाहतो, हे एकवेळ समजू शकते. पण बेकरी, किराणा आणि पोस्ट हे तिन्ही एकाच इसमाच्या नावापुढे वाचले की त्याच्या हाताचे पीठ गावातल्या किती पाकिटांना लागले असेल, असा विचार मनात येतो. बायकांची नावे कमी आहेत आणि बहुधा दुकान, शिवणकाम, शाळा किंवा पोस्ट यांच्याच आसपास आढळतात. शेतकरी म्हणून एखादीचे नाव आलेच, तर ती विधवा असावी असा अंदाज बांधायला हरकत नाही.

पण मी अडखळलो तो पोस्टाच्या ओळीवर. ही ओळ त्या खंडात पानोपानी पुन्हा पुन्हा येते आणि तिचा आशय असा: पोस्टल ऑर्डर (पोस्टात विकत घेऊन पाकिटातून पाठवायच्या ठरावीक रकमेच्या चिठ्ठ्या) येथे विकल्या जातात, परंतु वटवल्या जात नाहीत, मनिऑर्डर आणि तारेचे सर्वांत जवळचे ऑफिस अमुक गावी, इतक्या मैलांवर. पत्रे कोणत्या गावाहून, किती वाजता येतात आणि भिंतीतली पेटी किती वाजता उघडतात, हेही तिथेच. एखाद्या गावात काय आहे हे सगळेच सांगतात. काय नाही आणि त्यासाठी किती चालावे लागेल, हे इतक्या सरळपणे छापणारे पुस्तक मी दुसरे पाहिलेले नाही.

आमच्या गावालाही पोस्ट नव्हते. त्यामुळे घरचा पत्ता लिहिताना ‘मु.’ आमच्या गावाचे आणि ‘पो.’ शेजारच्या गावाचे, आणि दोन गावांची जुनी खुन्नस असल्यामुळे ते ‘पो.’ लिहिताना आजोबांच्या कपाळाला बारीक आठी पडत असे. पोष्टमन दुपारी सायकलवरून येई. धाकटे काका मुंबईला गिरणीत होते आणि त्यांची मनिऑर्डर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येत असे. तो ओट्यावर बसून खाकी पिशवीतून शाईचा चपटा डबा काढी, आजीचा डावा अंगठा स्वतःच धरून त्या डब्यावर टेकवी, मग फॉर्मवर दाबी आणि बोटाला थुंकी लावून नोटा दोनदा मोजून तिच्या हातात ठेवी. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर काकांनी चार शब्द लिहिलेले असत. ते वाचून दाखवणे हे माझे काम होते, आणि अंगठ्याची शाई पदराला लागू नये म्हणून आजी तो हात ऐकून होईपर्यंत हवेतच धरून ठेवी. पैसे घरपोच येत. मात्र उलट काकांना पैसे पाठवायचे म्हटले, तर शेजारच्या गावाला जावे लागत असे. अर्थात तशी वेळ कधी आल्याचे मला आठवत नाही.

म्हणजे आमच्याकडे नेमके उलटे होते. इंग्लंडच्या त्या खेड्यात पैसे बाहेर धाडण्याची सोय होती, हाती पडण्याची नव्हती. पोस्टल ऑर्डर निघाल्या 1881 साली, आणि त्या लहानसहान रकमांसाठीच होत्या: कुठे बियाणे मागवायचे, कुठे मासिकाची वर्गणी भरायची. आलेली ऑर्डर वटवायची असेल, तर बुधवार-शनिवारची वाट पाहायची आणि कॅरियरच्या गाडीत बसायचे. हा कॅरियर डिरेक्टरीतला माझा सर्वांत आवडता माणूस आहे. बाजाराच्या दिवशी तो ताडपत्रीचे छप्पर असलेली घोडागाडी घेऊन तालुक्याच्या गावी जाई आणि संध्याकाळी परते. त्या गाडीत माणसे, कोंबड्या, लोण्याच्या टोपल्या, केमिस्टकडची औषधे आणि तोंडी निरोप अशी सगळी भरती असे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारबस आल्या आणि तो डिरेक्टरीतून हळूहळू दिसेनासा झाला. आता त्यांतल्या कित्येक गावांतून बसही गेली आहे.

जे पोस्टाचे तेच पाण्याचे. हेन्लीहून पश्चिमेला चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचे गाव आहे. तिथे बीचच्या लाकडापासून खुर्च्यांचे पाय आणि तंबूच्या खुंट्या घडवणारे कारागीर असत. पाऊस पडतो भरपूर, पण टेकड्या खडूच्या असल्यामुळे पाणी वर टिकत नाही. लोक डबक्यांतले आणि छपरावरचे पाणी साठवून दिवस काढीत. त्याच भागातला एडवर्ड रीड नावाचा अधिकारी हिंदुस्थानात वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, मोठ्या हुद्द्यावर होता. घरात उरलेले शेवटचे पाणी पिऊन टाकले म्हणून एका पोराला आईने कसे बडवले, ही गावाकडची गोष्ट त्याने काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि विहिरीचा खर्च दिला. 1863 साली काम सुरू झाले आणि 1864च्या मे महिन्यात, राणीच्या वाढदिवशी, विहीर गावाला खुली झाली. रुंदी जेमतेम 4 फूट, खोली 368 फूट, आणि ती सगळी हाताने खोदलेली. वर घुमट, घुमटाखाली सोनेरी हत्ती, बाजूला राखणदाराची गोल झोपडीवजा कॉटेज, आणि विहिरीच्या खर्चासाठी चेरीची बाग. भरलेली बादली वर यायला सुमारे 10 मिनिटे लागत. नळ येईपर्यंत, सुमारे 70 वर्षे, गाव हेच पाणी प्याले. आपल्याकडे विहीर खोदून देणे हे पुण्यकर्म मानतात, तेव्हा काशीच्या राजाला ते सुचले यात नवल नाही. ऑक्सफर्डशायरच्या पोटात त्याने ते केले, हे मात्र त्या हत्तीसमोर उभे राहिल्यावरही चटकन खरे वाटत नाही.

शाळेच्या ओळीतही हिंदुस्थान असाच लपलेला असतो. तिथे बहुतेक ठिकाणी ‘नॅशनल स्कूल’ असे लिहिलेले दिसते. या शाळा चालवणारी संस्था 1811 साली स्थापन झाली आणि मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवण्याची तिची पद्धत ‘मद्रास पद्धत’ म्हणूनच ओळखली जाई, कारण अँड्र्यू बेल हा पाद्री ती मद्रासच्या अनाथालयात राबवून मायदेशी घेऊन गेला होता. तिथल्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली होती म्हणे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी सहज नावे मोजू लागलो. लोकसंख्या तीन-चारशे छापलेली आणि नावे तीस-चाळीस भरतात, हे एका पॅरिशपुरते असते तर सोडून दिले असते; पण पाने उलटत गेलो तसा हा हिशेब कुठेच जुळेना. बायकामुले वजा केली, तरीही पुष्कळ माणसे उरतात. ते शेतमजूर. जव पेरणारा, मेंढ्या राखणारा, नांगर धरणारा डिरेक्टरीत येत नाही, कारण त्याच्याकडून कोणाला काही विकत घ्यायचे नसते आणि त्याला कोणी पत्र लिहून माल विकण्याचीही शक्यता नसते. तारेचे ऑफिस गावात नाही हे सांगणारे पुस्तक, निम्मे गाव आपल्या पानात नाही हे सांगायचे मात्र विसरते.

1 जानेवारी 1909 पासून इंग्लंडात सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला 5 शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले, आणि ते मिळे पोस्टाच्या खिडकीवर. सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली ती 1837 साली, तेव्हा त्याआधी जन्मलेल्यांना वयाच्या दाखल्यासाठी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही काढून दाखवावी लागे. तिथे त्यांची नावे होती. पुढच्या आवृत्तीत पोस्टाची ओळ सुधारून छापली गेली, पत्रांच्या वेळा बदलल्या, काही ठिकाणी टेलिफोनही आला; पण दर शुक्रवारी खिडकीपाशी येऊन 5 शिलिंग घेणारे त्याही आवृत्तीत नव्हते.